अपराधी कोण? : ओल्या बाळंतिणीच्या रहस्यकथा

काही दिवसांपूर्वी धर्मग्रामाच्या वाचनालयातून एक इंग्रजी कादंबरी आमच्या टेबलावर आली. आत ग्रंथपालबाईंची चिठ्ठी होती : 'फादर, हे पुस्तक एका नव्या आईने अर्ध्यावरच परत केले. वाचून रात्री झोप लागेना, असे म्हणाली. कपाटात ठेवू की काढून टाकू?' पुस्तकाचे नाव 'द पुश'. लेखिका ॲश्ली ऑड्रेन या कॅनडातल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेली ही त्यांची पहिलीच कादंबरी. बाईंचा प्रश्न दोन ओळींचा होता. परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला या पुस्तकाबरोबरच त्याच्या कुळातील आणखी काही कलाकृतींकडे वळावे लागले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्याला आपण मानसशास्त्रीय रहस्यकथा म्हणतो, तिच्यात खुनी दाराबाहेर दबा धरून बसलेला नसतो. भय माणसाच्या मनातच घर करून असते. या प्रकाराची एक शाखा गेल्या काही दशकांत विशेष फोफावली आहे. तिचे घटनास्थळ म्हणजे घर, घराच्या मध्यभागी पाळणा, आणि जिच्या मनाविषयी शंका घ्यायची ती व्यक्ती म्हणजे नुकतीच आई झालेली किंवा होऊ घातलेली स्त्री. प्रसूत झालेल्या स्त्रीला आपल्या भाषेत 'ओली बाळंतीण' म्हणतात. या 'ओली' शब्दात केवढी माया आहे आणि केवढी सावधगिरी! तिला वारा लागू नये म्हणून कान बांधायचे, अंगाला शेक द्यायचा, अळीव आणि डिंकाचे लाडू खाऊ घालायचे; सव्वा महिना सारे घर तिच्या देहाभोवती राबते. तिच्या मनाला काय होते आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपण न विचारलेल्या त्या प्रश्नाच्या जागेतच या कथांनी आपले बस्तान बसविले आहे.

अशा प्रत्येक कथेत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला : या स्त्रीला जे दिसते, जे वाटते, ते सोसताना तिच्यावर काय गुदरते आहे? दुसरा : अपराधी कोण? पहिला प्रश्न माणसाचा आहे, दुसरा रहस्यकथेचा. रहस्यकथेला अपराधी लागतो. तो सापडल्याखेरीज शेवटचे पान उलटता येत नाही. आजाराला मात्र अपराधी नसतो. या दोन गरजांच्या ओढाताणीत लेखक कोणती बाजू धरतो, यावर त्याच्या कलाकृतीची नैतिक उंची ठरते, असे आमचे मत आहे.

या कुळाचे मूळ शोधू गेल्यास शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेच्या 'द यलो वॉलपेपर' या कथेपाशी यावे लागते. ती जानेवारी १८९२ मध्ये 'न्यू इंग्लंड मॅगझीन'मध्ये प्रसिद्ध झाली. कथा सांगणारी स्त्री नुकतीच आई झाली आहे. तिचे चित्त ठिकाणावर नाही, म्हणून डॉक्टर असलेला तिचा नवरा जॉन तिला हवापालटासाठी एका जुन्या वाड्यात आणतो आणि वरच्या मजल्यावरील खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे आणि भिंतींना पिवळा, किळसवाणा नक्षीदार कागद चिकटवलेला आहे. तिने लिहायचे नाही, फार बोलायचे नाही, केवळ विश्रांती घ्यायची. बाळ दुसऱ्या बाईच्या हाती आहे. त्याच्याजवळ थांबणे आपल्याला सोसत नाही, हे ती स्वतःच सांगते. हळूहळू तिला त्या नक्षीमागे एक कोंडलेली स्त्री हालचाल करताना दिसू लागते. अखेरीस ती दार लावून घेते, कागद ओरबाडून काढते आणि खोलीभर रांगू लागते. दार उघडून आत आलेला जॉन ते दृश्य पाहून बेशुद्ध पडतो. ती त्याच्या देहावरून रांगत पुढे जाते.

या छोट्याशा कथेचे मोठेपण कशात आहे? जॉन दुष्ट नाही, यात. तो पत्नीवर प्रेम करतो, तिला उचलून वर नेतो, तिची पथ्ये सांभाळतो. तो फक्त तिचे ऐकत नाही. 'मला बरे वाटत नाही' असे ती म्हणते, तेव्हा तिला बरे वाटते आहे असे तो तिला समजावून देतो. गिलमन यांनी वाचकाच्या हाती अपराधी दिलेला नाही. म्हणूनच ही कथा वाचून झाल्यावर आपण सुटत नाही. ती कल्पनेतून उतरलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १८८५ साली मुलीच्या जन्मानंतर गिलमन स्वतः खोल विषादात बुडाल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे प्रख्यात डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी त्यांच्यावर 'विश्रांती-उपचार' केला आणि घरी पाठविताना पुन्हा कधीही लेखणी हाती न धरण्याची ताकीद दिली. ती पाळता पाळता आपण वेडाच्या काठावर पोचलो होतो, असे गिलमन यांनी १९१३ साली स्वतःच्या नियतकालिकात लिहून ठेवले आहे. मिचेल यांचे नाव त्या कथेतही घेतले आहे.

येथे आपल्या सव्वा महिन्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. विश्रांती हे वाईट औषध नव्हे. आपल्याकडील बाळंतिणीची खोलीही अंधारी असते. परंतु माहेरच्या त्या खोलीत आई असते, आत्या-मावशी ये-जा करतात, शेजारीण तेल लावायला बसते. गिलमन यांच्या नायिकेला विश्रांतीने मारले नाही. विश्रांतीच्या नावाखाली लादलेल्या मुकेपणाने मारले. आज आपल्या मुली फ्लॅटच्या चार भिंतींत दिवसभर एकट्या बाळाला घेऊन बसतात. अंधाऱ्या खोलीतून आपण त्यांना बाहेर काढले. पण तिथली माणसे मागेच राहिली.

दुसरी कलाकृती आयरा लेव्हिन यांची 'रोझमेरीज बेबी'. कादंबरी १९६७ ची. रोमन पोलान्स्की यांनी तिच्यावर १९६८ मध्ये चित्रपट काढला. हे नाव ऐकताच जुन्या कॅथलिक वाचकाच्या कपाळाला आठी पडते आणि तिला कारण आहे. अमेरिकेतील कॅथलिक चित्रपट कार्यालयाने हा चित्रपट 'निषिद्ध' ठरविला होता. रोझमेरी ही ओमाहातील कॅथलिक घरातली, धर्माचरण सुटलेली तरुणी. पोप सहावे पॉल ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कला आले, त्याच रात्री सैतानपूजकांच्या कटातून तिला गर्भ राहतो, असे कथानक आहे. ख्रिस्तजन्माचे ते विडंबनच आहे, आणि त्याविषयीची आमची नापसंती आम्ही लपवीत नाही.

तथापि त्या विडंबनाच्या कवचाखाली जे आहे, त्याकडे आपले लक्ष गेले नाही. रोझमेरीला गरोदरपणी महिनोन् महिने वेदना होतात. तिचा डॉक्टर सांगतो, पुस्तके वाचू नकोस, मैत्रिणींचे ऐकू नकोस. नवरा तेच सांगतो. शेजारीही तेच सांगतात. एका मेजवानीच्या रात्री तिच्या मैत्रिणी तिला स्वयंपाकघरात घेऊन बसतात, नवऱ्याला आत येऊ देत नाहीत आणि तिला मनसोक्त रडू देतात. साऱ्या कादंबरीत सैतानाला जिथे शिरकाव मिळत नाही अशी तेवढी एकच जागा आहे. पुढे ती धावत दुसऱ्या एका डॉक्टरकडे जाते. तो शांतपणे ऐकून घेतो, तिला विसावा घ्यायला सांगतो आणि तिच्या नवऱ्याला व पहिल्या डॉक्टरला बोलावून तिला त्यांच्याच स्वाधीन करतो. गरोदरपणातला भ्रम, एवढेच त्याचे निदान. आमच्या मते या कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रसंग शेवटच्या काळ्या पाळण्याचा नाही, हा आहे. कारण तो घडण्यासाठी सैतानाची गरज नाही. एक सभ्य, सुशिक्षित, घाईत असलेला माणूस पुरेसा आहे.

मात्र लेव्हिन यांची मर्यादाही येथेच दिसते. रोझमेरीचे ऐकायला हवे होते, हे पटवून देण्यासाठी त्यांना सैतान खरा ठरवावा लागतो. ती खरोखरच आजारी असती तर? तर मग तो डॉक्टर बरोबर ठरला असता काय? नाही. आजारी असती तरीही, ती कोणाला भिते आणि का भिते हे विचारल्यावाचून तिला त्यांच्याच हाती देणे चूकच ठरले असते. तिचे म्हणणे खरे आहे की नाही हा पुढचा प्रश्न. ते पुरते ऐकून घेणे हा पहिला धर्म.

याच कुळातील सवंग शाखेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९९२ चा 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल' हा अमेरिकन चित्रपट किंवा त्यावरून बेतलेला १९९३ चा हिंदी 'खलनायिका' आमच्या काही वाचकांनी पाहिला असेल. मूळ चित्रपटात नवऱ्याने आत्महत्या केलेली आणि पोटातले बाळही गमावलेली एक स्त्री आरंभीच आपल्याला भेटते. तिचे दुःख काही मिनिटांत उरकले जाते. पुढचा सारा वेळ ती दुसरीचा संसार पोखरणारी राक्षसीण म्हणून वावरते. शोकाने मोडलेली स्त्री ही धोकादायक असते, एवढाच धडा घेऊन प्रेक्षक घरी जातो. अपराधी सापडला की दुःखाची चौकशी बंद होते, याचा हा ठळक नमुना.

आता 'द पुश'. ब्लाइथ ही नायिका आपली कहाणी विभक्त झालेल्या नवऱ्याला उद्देशून लिहिते आहे. तिची आजी आणि आई, दोघींनाही मातृत्व पेलले नव्हते. आजीने आत्महत्या केली, आई तिला अकरा वर्षांची असताना सोडून गेली. त्यामुळे मुलीला, व्हायोलेटला, छातीशी धरताना तिला स्वतःच्याच हातांचा भरवसा वाटत नाही. मुलगी आपला द्वेष करते, ती इतर मुलांसारखी नाही, असे तिला वाटू लागते. नवरा हसून सोडून देतो. पुढे सॅम जन्मतो. त्याच्यावर ती मनापासून प्रेम करते. एके दिवशी सॅमची बाबागाडी रस्त्यावर जाते आणि तो दगावतो. व्हायोलेटनेच ती ढकलली, असे ब्लाइथला दिसले आहे. की दिसल्यासारखे वाटले आहे? नवरा तिच्यावर विश्वास ठेवीत नाही, संसार मोडतो.

या कादंबरीचा पूर्वार्ध आम्हाला मोलाचा वाटला. रात्रीची जागरणे, दुधाने भिजलेले कपडे, रडणाऱ्या बाळाच्या खोलीबाहेर कानांवर हात घेऊन बसलेली आई, आणि 'मी इतर आयांसारखी का नाही?' ही आतली बोच : हे ऑड्रेन यांनी अंतर्बाह्य ओळखून लिहिले आहे. तीन पिढ्यांची साखळीही विचार करायला लावते. जिला कोणी कुशीत घेतले नाही, तिने कुशीत घेणे कोठून शिकावे?

परंतु शेवटच्या पानावर एक फोन येतो. ब्लाइथच्या नवऱ्याला दुसऱ्या पत्नीपासून झालेल्या मुलालाही काही झाल्याचे कळते आणि कादंबरी संपते. म्हणजे ब्लाइथ खरी होती, मुलगीच दुष्ट होती, अशी वाचकाची समजूत होते. आईवरचा आरोप उतरला. तो लेकराच्या डोक्यावर ठेवला गेला. आमचा आक्षेप येथे आहे. मूळपापाचा सिद्धान्त आम्ही मानतो. पण मूळपाप म्हणजे लेकराच्या अंगची खुनशी वृत्ती नव्हे. ते साऱ्या मानवजातीला लाभलेले जखमी वारशाचे दान आहे, कोण्या एका मुलीचा खासगी कलंक नाही. स्नानसंस्काराच्या कुंडाशी आम्ही शेकडो बालके हाती घेतली आहेत. जन्मतःच दुष्ट असे एकही पाहिले नाही. कादंबरीभर जपलेली संदिग्धता हीच तिची सचोटी होती. अखेरच्या धक्क्यासाठी लेखिकेने ती मोडली आणि वाचनालयातून पुस्तक नेलेल्या एखाद्या थकलेल्या आईच्या मनात नवे विष पेरले : तुझे बाळ तुझा वैरी असू शकेल.

याउलट २०१८ चा 'टली' हा चित्रपट पाहावा. तो रहस्यपट नव्हे. परंतु त्यात रहस्याची एक कळ आहे. तिसऱ्या बाळंतपणाने पिचलेल्या मार्लोला रात्रीची दाई म्हणून आलेली टली ही हसरी तरुणी सावरते. शेवटी उलगडते की अशी कोणी दाई नव्हतीच; टली हे मार्लोचेच माहेरचे आडनाव, आणि ती मुलगी म्हणजे तिचेच हरवलेले तारुण्य. एवढा गंभीर आजार केवळ उलगड्यासाठी वापरला, अशी टीका त्यावर झाली आणि तीत तथ्य आहे. रुग्णालयातून घरी आल्यावर तिच्या उपचारांचे काय झाले, हे चित्रपट नीट सांगत नाही. तरीही त्याचा शेवट आम्हाला भावला. कोणी अपराधी सापडत नाही. नवरा स्वयंपाकघरात येतो आणि तिच्या शेजारी कामाला उभा राहतो.

कलाकृतींवरून आता वस्तुस्थितीकडे वळू, कारण भय घालवायचे तर ज्ञान हवे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक मातांना उगाचच रडू येते. दोन आठवड्यांत ते ओसरते. त्याहून खोल आणि दीर्घ असते ते प्रसूतीपश्चात नैराश्य. गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढगस्त, पतीशी बिनसलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. तिसरा आजार विरळा पण तीव्र. हजार प्रसूतींमागे एक-दोन मातांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, भलतेच आवाज ऐकू येतात, अघटित समजुती घट्ट होतात. येथे एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे लागते. उपचारांनी बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. जुन्या मराठीत 'बाळंतवात' हा शब्द आहे. फ्रान्समधील लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्येच या आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. म्हणजे हे नवे फॅड नव्हे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर, उपचार घेणाऱ्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये, असेही घालून दिले आहे.

हे सारे आम्ही पुस्तकांतून उशिरा शिकलो. गुरुविद्यालयात आम्हाला पापाची लक्षणे शिकविली होती : पुरते ज्ञान आणि संपूर्ण संमती. नको असताना मनात घुसणारा विचार म्हणजे पाप नव्हे, हे आम्हाला पाठ होते. तरीही वेळ आली तेव्हा ते कामी आले नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक सासूबाई आपल्या सुनेला आशीर्वादासाठी धर्मगुरूनिवासात घेऊन आल्या. बाळ महिन्याचेही नव्हते. सासूबाई क्षणभर बाहेर गेल्या तशी ती म्हणाली, "फादर, मी आता विहिरीकडे जात नाही. बाळाला घेऊन गेले की वाटतं, हात सुटतील." हा प्रायश्चित्त संस्कार नव्हता, आणि आज तिच्या अनुमतीनेच हे लिहीत आहोत. आम्ही काय केले? तिच्या हाती जपमाळ दिली, "मन प्रार्थनेत गुंतव, असले विचार आणू नकोस," असे सांगितले आणि दोघींना निरोप दिला. तीन आठवड्यांनी तिला रुग्णालयात दाखल करावे लागल्याचे कळले. देवाच्या दयेने ती बरी झाली, बाळही सुखरूप राहिले. आज तो मुलगा कॉलेजात शिकतो. पुढे एकदा ती भेटली तेव्हा म्हणाली, "फादर, जपमाळ दिलीत ते चांगलंच केलंत. ती अजून माझ्याजवळ आहे. पण त्या दिवशी तुम्ही मला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता."

तो प्रश्न कोणता, हे आम्ही तिला विचारले नाही. आम्हाला तो ठाऊक होता. जॉनने विचारला नाही, रोझमेरीच्या डॉक्टरने विचारला नाही, तोच : "आणखी काय वाटतं गं तुला?" आपल्या विचारांनी जी आई स्वतःच हादरते, ती बहुधा बाळाला इजा करणारी नसते, तिला धीर आणि वैद्य दोन्ही हवे असतात. जिला ते विचार आज्ञेसारखे ऐकू येतात, तिला तातडीने वैद्य हवा असतो. हा फरक ऐकल्याशिवाय कळत नाही. आम्ही ऐकले नाही. आम्ही तिला विचार 'आणू नकोस' म्हणालो, म्हणजे ते तिने आणले आहेत असे ठरवून टाकले. रहस्यकथाकाराप्रमाणे आम्हीही अपराधी शोधला, आणि तो समोरच बसलेला आम्हाला सापडला.

संत लूक यांच्या शुभवर्तमानात बाळ येशूला मंदिरात आणल्याचा प्रसंग आहे. आपल्या दिनदर्शिकेत तो नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला येतो. आपल्या सव्वा महिन्याच्या अगदी जवळ. वृद्ध शिमोनाच्या हाती बाळ आहे, त्याच्या जन्माची आस फळाला आली आहे. तरीही तो थांबून आईशी वेगळे बोलतो, तिच्या जिवाला होणाऱ्या वेदनेविषयी बोलतो. बाळंतिणीच्या घरी बाळ पाहायला जाणाऱ्या आपणा सर्वांना त्या वृद्धाकडून हे शिकण्यासारखे आहे.

ग्रंथपालबाईंना आम्ही पुढीलप्रमाणे उत्तर दिले आहे. पुस्तक कपाटातच ठेवावे. परंतु सहा महिन्यांच्या आतले बाळ घरी असलेल्या मातेने मागितल्यास, 'आता नको, पुढे वाच' असे मायेने सांगावे. तिच्या नवऱ्याला आणि सासूला मात्र ते अवश्य द्यावे, शेवटचे पान सोडून! 'द यलो वॉलपेपर' ही कथा लहान आहे. तिचे वाचन विवाहपूर्व शिबिरात व्हावे, असे आम्ही सुचविले आहे. वाचनालयाच्या फलकावर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि ज्या मुलीने पुस्तक अर्ध्यावर परत केले, झोप लागत नाही असे जिने सांगितले, तिचा पत्ता आम्हाला त्याच दिवशी कळवावा. झोप पुस्तकानेच उडाली की आधीपासूनच उडालेली होती, हे चिठ्ठीवरून कळत नव्हते.

पत्ता कळला. आमच्या धर्मग्रामातील परिचारिका असलेल्या एका भगिनीला सोबत घेऊन आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. या वेळी जपमाळ खिशातच ठेवली, आणि आधी खुर्ची ओढून बसलो.